उंबरठ्यावरचा संपादक

विल्यम एफ. बकली ज्युनियर (१९२५–२००८) हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकन काँझर्व्हेटिव्ह राजकारणाचे संपादक होते. संपादक हा शब्द इथे दोन्ही अर्थांनी घ्यायचा. १९५५ साली त्यांनी ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे नियतकालिक काढले आणि १९९०पर्यंत त्याची सूत्रे स्वतःकडे ठेवली. पण त्याहून मोठे संपादन त्यांनी एका राजकीय मतप्रवाहाचे केले. त्यात कोणाला घ्यायचे, कोणाचे नाव खोडायचे, कोणत्या नेत्याच्या मागे उभे राहायचे आणि कोणत्या क्षणी त्याच्यापासून दूर व्हायचे, याचे निर्णय ते पन्नास वर्षे देत राहिले. त्यांच्याकडे ना पक्षाचे पद होते, ना सरकारातले वजनदार खाते.

‘काँझर्व्हेटिव्ह’साठी मराठीत ‘पुराणमतवादी’ हा शब्द रुळला आहे, आणि तो बकलींच्या बाबतीत फसवा आहे. सोवळे-ओवळे पाळणारा, नव्याला नाक मुरडणारा माणूस त्या शब्दातून डोळ्यांपुढे येतो. बकली तसे नव्हते. शिडाच्या नौकेतून त्यांनी अटलांटिक ओलांडला, हार्प्सिकॉर्ड वाजवला, हेरकथांच्या कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचे काँझर्व्हेटिव्हपण तीन गोष्टींचे होते : सरकारने बाजारात आणि घरात कमीत कमी ढवळाढवळ करावी, धर्म आणि परंपरा यांना समाजात मान असावा, आणि कम्युनिझमशी तडजोड नसावी. या तिन्हींचे आपसात फारसे जमत नाही. निखळ बाजारवाद्याला चर्चचे सोयरसुतक नसते आणि परंपरेच्या भक्ताला बाजाराची घाई सोसत नाही. ‘नॅशनल रिव्ह्यू’मधील फ्रँक मायर यांनी यांची मोट बांधण्याचा सिद्धांत मांडला. मोट घट्ट धरली ती मात्र तिसऱ्या दोरीने. सोव्हिएत संघ हा सर्वांचा समान शत्रू होता.

बकली तेलाच्या धंद्यात पैसा मिळवलेल्या कॅथलिक घरातले, दहा भावंडांतले सहावे. वडिलांचे व्यवहार मेक्सिको आणि व्हेनेझुएलात, त्यामुळे त्यांची पहिली भाषा स्पॅनिश. कनेटिकटमधील शॅरन गावच्या ‘ग्रेट एल्म’ या वाड्यात ते वाढले, दुसऱ्या महायुद्धात लष्करात राहून येल विद्यापीठात शिकले आणि १९५१ साली त्याच विद्यापीठावर ‘गॉड अँड मॅन अ‍ॅट येल’ हे पुस्तक लिहून त्यांनी गुरुजनांना दुखावले. येल विद्यार्थ्यांना धर्मापासून आणि मुक्त बाजारापासून तोडते, हा त्यांचा आरोप होता. त्यानंतर मेक्सिको सिटीत काही महिने सीआयएची नोकरी झाली. तिथले त्यांचे वरिष्ठ हॉवर्ड हंट. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. १९५४ साली मेहुणे ब्रेंट बोझेल यांच्यासह त्यांनी जिकडेतिकडे कम्युनिस्ट हस्तक शोधणारे सिनेटर जो मॅकार्थी यांची पाठराखण करणारे पुस्तक लिहिले. म्हणजे अतिरेकी मंडळींना पुढे दाराबाहेर काढणारा हा माणूस स्वतः सुरुवातीला त्या दारापासून फार लांब उभा नव्हता.

त्या काळातले अमेरिकन पक्ष आजच्यासारखे नव्हते. रिपब्लिकन म्हणजे उजवे आणि डेमोक्रॅट म्हणजे डावे, ही वाटणी तेव्हा झालेली नव्हती. डेमोक्रॅटिक पक्षात उत्तरेकडचे कामगारनेते होते आणि दक्षिणेकडचे कट्टर वर्णभेदवादीही. रिपब्लिकन पक्षात एकीकडे मध्यपश्चिमेतील काटकसरी छोटे व्यापारी होते, तर दुसरीकडे नेल्सन रॉकफेलर यांच्यासारखे सढळ हाताने सरकारी खर्च करणारे, नागरी हक्कांच्या बाजूचे पूर्व किनाऱ्यावरचे धनिक. शिवाय तिथे उमेदवारी ठरवणारी ‘हायकमांड’ नसते. मुंबईत तिकिटासाठी दिल्लीच्या फोनची वाट पाहिली जाते. तिथे उमेदवारी राज्याराज्यांतील प्रायमरी निवडणुका आणि पक्षाचे अधिवेशन यांतून मिळते. १९५० आणि ६०च्या दशकांत प्रायमरी थोड्या होत्या. खरा निर्णय अधिवेशनात जमलेले प्रतिनिधी घेत, आणि ते प्रतिनिधी काय वाचतात, कोणाचे ऐकतात, याला किंमत होती. साप्ताहिक-पाक्षिकाचा संपादक पक्षावर वजन पाडू शकला, त्याचे कारण या रचनेत आहे.

आयझेनहॉवर यांच्याबद्दल बकलींना कधीच उत्साह नव्हता. वीस वर्षांनी रिपब्लिकन माणूस अध्यक्ष झाला आणि त्याने रूझवेल्टची सामाजिक सुरक्षा योजना मोडली तर नाहीच, उलट रुंदावली. १९५६ साली हंगेरीत सोव्हिएत रणगाडे शिरले तेव्हा वॉशिंग्टन जागचे हलले नाही. बकलींच्या मते हा नेता लोकप्रिय होता, पण त्याला दिशा नव्हती. त्याच वर्षी त्याच्या फेरनिवडीला पाठिंबा द्यावा की नाही, यावर त्यांच्याच कचेरीत दोन तट पडले. जेम्स बर्नहॅम द्यावा म्हणत, व्हिली श्लाम नको म्हणत. बर्नहॅम एकेकाळचे ट्रॉट्स्कीवादी. सत्तेचा हिशेब त्यांना पाठ होता. बकलींना व्यवहाराचे शहाणपण बऱ्याच अंशी त्यांच्याकडून मिळाले.

या सगळ्याच्या बुडाशी एक काळा डाग आहे, आणि त्याचे वजन कमी करून चालणार नाही. २४ ऑगस्ट १९५७च्या अंकात ‘नॅशनल रिव्ह्यू’ने दक्षिणेतील गोऱ्यांची बाजू घेणारे संपादकीय छापले. गोरे लोक तूर्त अधिक प्रगत आहेत, म्हणून संख्येने कमी असतील तिथेही सत्ता त्यांच्याच हाती असावी, असा त्याचा आशय होता. लेखन बकलींचे. १९६५च्या फेब्रुवारीत केंब्रिज युनियनमध्ये लेखक जेम्स बाल्डविन यांच्याशी त्यांचा वाद झाला. अमेरिकन स्वप्न कृष्णवर्णीयांच्या जिवावर उभे आहे का, हा विषय. बाल्डविन यांच्या बाजूने ५४४ मते पडली, बकलींच्या बाजूने १६४. उतारवयात, २००४ साली, त्यांनी कबूल केले की दक्षिणेतील भेदभाव हळूहळू आपोआप मावळेल ही आपली समजूत चुकीची होती आणि केंद्र सरकारचा हस्तक्षेप आवश्यकच होता. कबुली प्रामाणिक होती. पण ती द्यायला त्यांना सत्तेचाळीस वर्षे लागली. अतिरेकाची चाहूल इतरांच्या आधी लागणाऱ्या या नाकाला आपल्याच घरातला वास इतकी वर्षे कसा आला नाही, या प्रश्नाला त्यांच्या चाहत्यांकडे समाधानकारक उत्तर नाही.

चाहूल लागण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण जॉन बर्च सोसायटीचे. गोळ्या-चॉकलेटच्या धंद्यातून निवृत्त झालेल्या रॉबर्ट वेल्च यांनी १९५८ साली इंडियानापोलिसमध्ये ही संघटना काढली. चीनमध्ये १९४५ साली कम्युनिस्टांच्या हातून मारल्या गेलेल्या एका अमेरिकन मिशनऱ्याचे नाव तिला दिले होते. वेल्च यांचे म्हणणे साधे होते : अमेरिकेत जे जे बिघडते ते कारस्थानामुळे, आणि खुद्द आयझेनहॉवर त्या कारस्थानाचे जाणते हस्तक आहेत. इतिहासकार रसेल कर्क यांनी यावर एका वाक्यात निकाल दिला की आयझेनहॉवर कम्युनिस्ट नाहीत, ते गोल्फ खेळणारे आहेत. पण प्रश्न विनोदाने सुटणारा नव्हता. बर्चवाल्यांकडे पैसा होता, घरोघरी फिरणारे कार्यकर्ते होते, आणि त्यांतले कितीतरी ‘नॅशनल रिव्ह्यू’चे वर्गणीदार होते.

१९६२च्या जानेवारीत फ्लोरिडातील पाम बीचच्या ‘ब्रेकर्स’ हॉटेलात बकली, कर्क आणि सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांची बैठक झाली. गोल्डवॉटर यांची अडचण उघड होती. त्यांच्या अ‍ॅरिझोनात सोसायटीचे सभासद म्हणजे ओळखीपाळखीतली बडी मंडळी, त्यांना एकदम तोडून कसे चालेल? तोडगा निघाला तो असा की संघटनेला हात न लावता तिच्या संस्थापकाला वेगळे काढायचे. फेब्रुवारीच्या अंकात बकलींनी वेल्च यांच्यावर लांबलचक लेख लिहिला. गोल्डवॉटर यांनी पुढे त्याच नियतकालिकाला पत्र लिहून वेल्च यांनी पायउतार व्हावे असे सुचवले. वर्गण्या बंद झाल्या, शिव्यांची पत्रे आली. १९६५च्या ऑक्टोबरात, म्हणजे गोल्डवॉटर अध्यक्षपदाची निवडणूक हरून वर्ष होत आल्यावर, बकलींनी सबंध सोसायटीशीच संबंध तोडला. पुढे या घटनेची आख्यायिका झाली की बकलींनी एका फटक्यात घर झाडून स्वच्छ केले. प्रत्यक्षात झाडू दोन हप्त्यांत मारला गेला आणि पहिल्या हप्त्यात कार्यकर्ते दुखावणार नाहीत याची पुरेपूर काळजी घेतली गेली.

१९६४ची गोल्डवॉटर यांची निवडणूक ही या मतप्रवाहाची पहिली मोठी उडी. १९६० साली शॅरनच्या त्याच वाड्यात ‘यंग अमेरिकन्स फॉर फ्रीडम’ ही तरुणांची संघटना स्थापन झाली होती. गोल्डवॉटर यांचे गाजलेले पुस्तक ब्रेंट बोझेल यांनी लिहून दिले होते. तरी प्रत्यक्ष प्रचारात गोल्डवॉटर यांच्या सल्लागारांनी बकली आणि बोझेल यांना बाजूलाच बसवले. बकलींनी मग सप्टेंबरमध्ये एक विलक्षण गोष्ट केली. तरुणांच्या अधिवेशनात उभे राहून, मतदानाला दोन महिने असताना, आपला उमेदवार हरणार आहे, असे त्यांनी सांगून टाकले. सभागृह सुन्न झाले. त्यांचे म्हणणे असे की ही पेरणी आहे, पीक नंतर येईल. गोल्डवॉटर फक्त सहा राज्यांत जिंकले, स्वतःचे अ‍ॅरिझोना आणि खोल दक्षिणेतील पाच. त्या पाच राज्यांत जिंकण्याचे मुख्य कारण त्यांनी १९६४च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध दिलेले मत होते. पेरणीत कोणते बी पडले होते, तेही इथेच दिसते.

पुढच्या वर्षी बकली स्वतः उभे राहिले, न्यू यॉर्कच्या महापौरपदासाठी. निमित्त जॉन लिंडसे. देखणा, तरुण, उदारमतवादी रिपब्लिकन, ज्याच्यात पक्षातले अनेक जण भावी अध्यक्ष पाहत होते. बकलींना तो डेमोक्रॅटच वाटे, फक्त झेंडा रिपब्लिकन. न्यू यॉर्क राज्याच्या कायद्यात छोट्या पक्षांना तग धरायला जागा आहे. तिथे एकच उमेदवार दोन पक्षांच्या यादीत असू शकतो, त्यामुळे छोटा पक्ष मोठ्या पक्षाला ‘आमचे ऐका, नाहीतर मते फोडू’ असे बजावू शकतो. १९६२ साली स्थापन झालेला काँझर्व्हेटिव्ह पक्ष नेमका यासाठीच होता. पत्रकारांनी विचारले, निवडून आलात तर पहिले काम कोणते? फेरमोजणीची मागणी, असे उत्तर आले. ऐन प्रचारात वृत्तपत्रांचा संप झाल्याने सगळा खेळ टीव्हीवर आला, आणि तिथे भुवया उडवत, जीभ गालात घोळवत, कोशातले शब्द फेकणारा हा उमेदवार बाकीच्या दोघांना भारी पडला. सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर रस्त्याच्या वीस फूट उंचीवरून सायकलींसाठी वेगळा मार्ग बांधावा, ही त्यांची सूचना तेव्हा हसण्यावारी गेली. त्यांना १३.४ टक्के मते मिळाली. लिंडसे जिंकले.

पण ही मते आली कुठून, हे पाहण्यासारखे होते. क्वीन्स आणि स्टेटन आयलंडमधील आयरिश व इटालियन कॅथलिक, पोलिसांची आणि दुकानदारांची कुटुंबे, म्हणजे पिढीजात डेमोक्रॅट मतदार. गुन्हे, कर आणि वंशाचे प्रश्न यांनी ते अस्वस्थ होते. निक्सन आणि रेगन यांनी पुढे जी मते आपल्याकडे वळवली त्यांची ही पहिली मोजदाद. हार्प्सिकॉर्ड वाजवणाऱ्या लक्षाधीशाला ती गवसावीत, हा योगायोग गमतीचा. हार्वर्डच्या प्राध्यापकांपेक्षा बोस्टनच्या टेलिफोन डिरेक्टरीतल्या पहिल्या पानांवरच्या लोकांचे राज्य आपल्याला चालेल, असे ते नेहमी म्हणत. हे लोक घरी जेवायला आले असते तर त्यांना काय वाटले असते, हा वेगळा प्रश्न. १९७० साली त्याच छोट्या पक्षाच्या उमेदवारीवर त्यांचे थोरले बंधू जेम्स बकली सिनेटवर निवडून गेले.

नेता निवडण्याची बकलींची कसोटी १९६७ साली शब्दांत उतरली आणि ‘बकली नियम’ म्हणून ओळखली गेली : निवडून येऊ शकणाऱ्यांपैकी जो सर्वांत उजवा, त्याला पाठिंबा द्यावा. गोल्डवॉटरच्या राखेतून निघालेला हा नियम आहे. नुसत्या तत्त्वाने सत्ता मिळत नाही आणि नुसत्या सत्तेने तत्त्व राहत नाही, तेव्हा दोन्हींचा लघुतम साधारण विभाज्य काढायचा. या हिशेबाने १९६८ साली त्यांनी नवख्या रेगनऐवजी निक्सन यांना कौल दिला. निक्सन जिंकले, आणि मग वेतन-किंमत नियंत्रण आणले, माओशी हस्तांदोलन केले. १९७१च्या उन्हाळ्यात, चीनभेटीची घोषणा झाल्यावर, बकली आणि सहकाऱ्यांनी अध्यक्षांना दिलेला पाठिंबा स्थगित केला. १९७२च्या फेब्रुवारीत अध्यक्षांबरोबरच्या पत्रकारांच्या ताफ्यात बकलीही पेकिंगला गेले. तिथल्या मेजवानीत निक्सन टेबलांमधून फिरत, पेला उंचावून चिनी नेत्यांचे अभीष्ट चिंतीत होते. ते पाहून त्यांना मळमळले आणि त्यांनी तसे लिहिलेही. प्रायमरीत त्यांच्या नियतकालिकाने ओहायोचे जॉन अ‍ॅशब्रुक यांची बाजू घेतली. अ‍ॅशब्रुक यांचा काही प्रभाव पडला नाही.

वॉटरगेटमध्ये मात्र संपादक स्वतःच अडकला. डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीतील त्या घरफोडीच्या सूत्रधारांपैकी एक होते तेच हॉवर्ड हंट. बकली त्यांच्या मुलांचे धर्मपिता. १९७२च्या डिसेंबरात हंट यांच्या पत्नी विमान अपघातात गेल्या आणि त्यानंतर हंट यांनी बकलींना बरेच काही सांगितले. बकलींनी ते पोटात ठेवले. मैत्रीचा धर्म म्हणून ते समजण्यासारखे आहे, पण रोज सत्तेचा न्यायनिवाडा करणाऱ्या स्तंभलेखकाला ते शोभले असे म्हणवत नाही. मार्च १९७४मध्ये जेम्स बकली यांनी निक्सन यांनी राजीनामा द्यावा असे जाहीरपणे म्हटले. काँझर्व्हेटिव्ह सिनेटरकडून ही मागणी आल्याने व्हाइट हाउसला ती जास्त झोंबली.

रेगन यांच्याशी असलेले नाते वेगळ्या जातीचे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसजवळच्या एका शाळेत बकलींचे भाषण होते आणि पाहुण्यांची ओळख करून द्यायला नट रोनाल्ड रेगन होते. ध्वनिक्षेपक बंद, नियंत्रण खोलीला कुलूप, किल्ली असलेला माणूस गायब. रेगन खिडकीतून बाहेर पडले, दुसऱ्या मजल्याच्या अरुंद कडेवरून, खाली रहदारी असताना, सरकत सरकत त्या खोलीच्या खिडकीशी पोचले, कोपराने काच फोडली आणि आत जाऊन बटण दाबले. बकली ही गोष्ट आयुष्यभर सांगत. त्यांच्या लेखी नेतृत्वाचा तो दाखला होता. रेगन तेव्हा कागदोपत्री अजून डेमोक्रॅट होते.

१३ जानेवारी १९७८ रोजी हे दोघे साउथ कॅरोलिना विद्यापीठात एकमेकांसमोर उभे राहिले. कार्यक्रम बकलींचाच, ‘फायरिंग लाइन’. १९६६ ते १९९९ असा तेहतीस वर्षे चाललेला, ज्यात यजमान खुर्चीत मागे रेलून, हातात क्लिपबोर्ड आणि पेन्सिल घेऊन विरोधकाला शांतपणे उकलत बसे. विषय पनामा कालवा पनामाला परत द्यायचा की नाही. बकली परत देण्याच्या बाजूने, रेगन विरुद्ध. कालवा आपण बांधला, पैसे आपण मोजले, तो आपला आहे, ही रेगन यांची सभासभांतून गाजलेली ओळ. बकलींचा युक्तिवाद असा की लहान शेजाऱ्याच्या अंगणात झेंडा रोवून बसणे हे सामर्थ्याचे लक्षण नव्हे, आणि कालव्याचा वापर तहानेही सुरक्षित राहतो. सिनेटने कालव्याचे दोन्ही तह ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केले. पुढे बकली रेगन यांच्या घरी जेवायला गेले तेव्हा गाडी वळणावळणाने वर चढत असताना कडेला एकामागून एक हाताने रंगवलेल्या पाट्या दिसू लागल्या : आम्ही बांधला, आम्ही पैसे दिले, आमचा आहे. यजमान दारात हसत उभे. या प्रश्नावर रेगन यांनी घेतलेली भूमिका त्यांना १९८०च्या उमेदवारीकडे घेऊन गेली. तह व्हावा यासाठी झटलेल्या बकलींनी हे नंतर खेळकरपणे मान्य केले.

१९८० साली रेगन ४४ राज्ये जिंकून आले. कोणते पद हवे, या प्रश्नाला बकलींचे उत्तर होते : बोलक्या बाहुल्यांच्या कलाकाराचे. विनोद झोंबणारा होता, कारण रेगन यांच्या तोंडून दुसरेच कोणी बोलते, असा विरोधकांचा आरोपच होता. प्रत्यक्षात बाहुली हवी तेव्हा आपले बोले. १९८७ साली गोर्बाचेव्ह यांच्याशी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार झाला तेव्हा बकलींच्या नियतकालिकाने त्याला कडाडून विरोध केला. पुढच्या चार वर्षांत सोव्हिएत संघच उरला नाही. त्या प्रश्नावर अध्यक्षांची नजर संपादकापेक्षा लांब पोचली होती.

समान शत्रू गेला आणि मोट सैल पडली. ३० डिसेंबर १९९१च्या अंकात बकलींनी ज्यूद्वेष या विषयाला जवळजवळ सगळी पाने दिली. त्यात स्वतःचे ज्येष्ठ सहकारी जोसेफ सोब्रन आणि पॅट बुकॅनन यांच्या लेखनाची झाडाझडती होती. बुकॅनन यांनी जे लिहिले ते ज्यूद्वेषीच ठरते, त्या आरोपातून त्यांना सोडवता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. तरी काही आठवड्यांत न्यू हॅम्पशरच्या प्रायमरीत नियतकालिकाने थोरल्या बुशना धडा म्हणून बुकॅनन यांनाच डावपेचाचे मत द्या असे सुचवले. कर न वाढवण्याचे वचन मोडणारे बुश त्यांना तितके खटकत होते. १९६२चीच पद्धत, एका हाताने झाडायचे आणि दुसऱ्या हाताने दार किलकिले ठेवायचे. बुकॅनन यांचे मुद्दे, आयातीवर जकात, स्थलांतरबंदी, परदेशातील युद्धांतून माघार, त्या किलकिल्या दारातून आत आले आणि वीस-बावीस वर्षे पडवीत थांबले.

२०००च्या वसंतात ‘सिगार अफिशिओनाडो’ या मासिकात बकलींनी लोकांना भुलवून मते मिळवू पाहणाऱ्या श्रीमंतांवर लेख लिहिला. डोनाल्ड ट्रम्प तेव्हा रिफॉर्म पक्षाची उमेदवारी चाचपून पाहत होते. बकलींनी त्यांना आत्ममग्नतेचा सर्वांत ठळक नमुना ठरवले. फार कोणी लक्ष दिले नाही. धाकट्या बुशच्या इराक युद्धाला त्यांनी आधी पाठिंबा दिला, २००४ साली म्हणाले की आज जे माहीत आहे ते तेव्हा माहीत असते तर विरोध केला असता, आणि फेब्रुवारी २००६मध्ये सरळ लिहिले की हा प्रयोग फसला. युरोपातल्या एखाद्या पंतप्रधानावर असा प्रसंग ओढवला असता तर त्याच्याकडून राजीनाम्याची अपेक्षा झाली असती, असेही ते बोलले. सत्तेतल्या आपल्याच माणसाबद्दल असे बोलणारे रिपब्लिकन वर्तुळात तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. २७ फेब्रुवारी २००८ रोजी स्टॅमफर्डच्या घरी, लिहिण्याच्या खोलीत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुत्र क्रिस्टोफर यांनी बराक ओबामांना मत देणार असे जाहीर केले आणि त्यांना वडिलांच्या नियतकालिकातील स्तंभ सोडावा लागला.

तोवर उंबरठाच हलला होता. १९७२नंतर प्रायमरींचे राज्य आले आणि अधिवेशन नुसता सोहळा उरले. १९८७ साली प्रसारणातील दोन्ही बाजू मांडण्याचा नियम रद्द झाला आणि पुढच्या वर्षी रश लिंबॉ यांचा रेडिओ देशभर ऐकू येऊ लागला. फॉक्स न्यूज १९९६मध्ये आले. प्रतिनिधींना समजवायचे दिवस गेले, लाखो मतदारांना थेट पेटवायचे आले. कोणाला आत घ्यायचे हे ठरवायला आता कोणी दारात उभे नव्हते, आणि असते तरी घराला भिंतीच उरल्या नव्हत्या.

जानेवारी २०१६मध्ये, आयोवातील मतदानाच्या काही दिवस आधी, ‘नॅशनल रिव्ह्यू’ने ट्रम्प यांच्याविरोधात विशेषांक काढला. संपादकीयाखेरीज बावीस काँझर्व्हेटिव्ह लेखकांचे लेख त्यात होते. पाम बीचच्या बैठकीची आठवण अनेकांना झाली. अंक जाहीर झाला त्याच रात्री रिपब्लिकन राष्ट्रीय समितीने फेब्रुवारीतील ह्यूस्टनच्या वादसभेच्या सहयजमानांतून नियतकालिकाचे नाव काढून टाकले. ३ मे रोजी इंडियानाची प्रायमरी ट्रम्प यांनी जिंकली आणि त्याच रात्री त्यांचे प्रतिस्पर्धी टेड क्रूझ यांनी माघार घेतली. त्या राज्याची राजधानी तेच इंडियानापोलिस, जिथे १९५८च्या डिसेंबरात रॉबर्ट वेल्च यांनी अकरा जणांना बैठकीला बोलावून जॉन बर्च सोसायटी स्थापन केली होती.